रात्री नऊची पेन्शन चर्चा : पाचपैकी दोन गुण

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक, नोकरी 2008 ची. म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 नंतरची, जुनी पेन्शन नाही. म्हणून ताट बाजूला सारून टीव्हीवरची ही चर्चा पाहिली. पाऊण तास दोन्ही प्रवक्ते ‘तुमच्या काळात काय केलं?’ एवढंच ओरडत होते. नव्या योजनेत आमच्या पगारातून 10 टक्के कापतात, सरकार 14 टक्के घालतं, तरी म्हातारपणी हातात किती पडणार ते बाजारावर. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं ठरलेलं. हा फरक एकानंही सांगितला नाही! निवेदकानं तर जुन्या पेन्शनसाठी केलेल्या मार्च 2023 च्या संपाला ‘आडमुठेपणा’ म्हटलं. आम्ही उन्हात बसलो होतो हो. संघटनेचा माणूस तेवढा नीट बोलला, पण त्याला मिळाली दोन मिनिटं.