साताऱ्याच्या पोरांचा इलेक्शनवाला पिक्चर : हसलो लय, पण साउंडचं बघा राव

आपल्या साताऱ्यातल्या काही पोरांनी मिळून एक खोटी डॉक्युमेंटरी काढलीये, म्हणजे सगळं रचलेलंच पण कॅमेरावाले खऱ्या उमेदवाराच्या मागं फिरतायत असं दाखवलंय. टायटल अजून फायनल नाही, सध्या ओळखीओळखीत शो लावतायत. १०० रुपये घेतले, त्यात चहा दिला.

स्टोरी अशी की एक प्रचाराची रिक्षा चालवणारा आहे, टपावर भोंगे, मागं फ्लेक्स, ह्यानं आजवर सगळ्या पार्ट्यांचा प्रचार केलाय आणि सगळ्यांनीच त्याचं बिल थकवलंय. निवडून आलेला म्हणतो बघू की, पडलेला तर फोनच उचलत नाही. मग हा वैतागून अपक्ष फॉर्म भरतो, ते पण डायरेक्ट आमदारकीला. आता सातारकरांना हौशी उमेदवाराचं काय कौतुक, आपले बिचुकले २०१९ ला थेट वरळीत जाऊन आदित्य ठाकरेंच्या विरोधात उभे राहिलेले, पण ही त्यांची नक्कल नाही. ह्या गड्याला आमदार व्हायचंच नाहीये, त्याला उधारी पाहिजे. फॉर्म मागं घ्यायच्या तारखेच्या आत कोणीतरी येऊन सेटल करंल असा त्याचा प्लॅन, आणि कोणी येतच नाही. झाला उमेदवार!

सगळ्यात भारी काम बायकोचं केलेल्या बाईंनी केलंय. अपक्षाला त्याच मतदारसंघातले १० सूचक लागतात, ह्याचे नऊ कसेबसे जमतात, दहावी सही बायकोची, आणि ती उधारीची वही मांडीवर घेऊन बसलीये. "अहो, आधी मागच्या इलेक्शनचं तेवढं आणा, मग करते सही." बास, एवढंच बोलते आणि पुढं कांदा चिरत बसते. नंतर डिपॉझिटचे १० हजार हा चिल्लरमध्ये घेऊन जातो, क्लार्क विचारतो नोटा नाहीत का, तर हा म्हणतो आहे की, मशीनवर शेवटचं बटण. सगळा हॉल फुटला.

अजून एक सीन म्हणजे पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत ह्याचीच रिक्षा विरोधकाचा प्रचार करत जाते, का तर पेन ड्राइव्ह बदलायचा राहिला. आणि मग पावसाची सभा. २०१९ च्या ऑक्टोबरात पवार साहेबांची जिल्हा परिषद ग्राउंडवर भर पावसात झालेली सभा कोण विसरंल, तर ह्याला पण तसाच पाऊस पाहिजे म्हणून स्टेजमागं औषध मारायचा पंप घेऊन एक पोरगं उभं केलंय. आयडिया नादखुळा, पण सीन लांबवलाय, दोन मिनिटांत उरकला असता तर अजून हसलो असतो.

आता तक्रार. असल्या पिक्चरमध्ये कॅमेरा पण एक पात्र असतं ना, उमेदवार त्याच्याकडं बघून लाजतो, खोटं बोलतो, हे पहिल्या तासात झकास जमलंय. पण मध्येच रात्री नवराबायको एकटे बोलतात ते कोणी शूट केलं? आणि वर व्हायोलिन! तिथं साधी सीरियल झाली. बजेट कमी होतं हे मान्य, अंधार आहे, फोकस हलतो, त्याचं काय वाटत नाही उलट खरं वाटतं. पण भोंगेवाल्याचा पिक्चर आणि डायलॉगच ऐकू येत नाहीत म्हणजे काय राव, डबिंग परत करा. सेकंड हाफमधल्या गल्लीतल्या लोकांच्या मुलाखती पण निम्म्या कापा, सगळे एकच जोक मारतायत.

डिपॉझिट राहतं का जप्त होतं ते सांगत नाही, पण ते वाचवायला लागणारी एक षष्ठांश मतं म्हणजे किती घरं ते बायको त्याच उधारीच्या वहीत मांडून दाखवते तो सीन चुकवू नका.

पाचातले साडेतीन. पहिल्या रांगेत बसू नका, भोंगा वाजला की कान बसतात. लहान पोरं न्यायला हरकत नाही, शिव्या आहेत पण घरात असतात तेवढ्याच.