स्नेकहून भाड्याची बोट: फ्रीसलंडच्या कालव्यांवरचा एक आठवडा

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतात, स्नेक या गावातून आम्ही दोघांनी जून महिन्यात आठवडाभरासाठी एक पोलादी बोट भाड्याने घेतली. लांबी १५ मीटरपेक्षा कमी आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या वर न जाणारी बोट चालवायला तिथे परवाना लागत नाही, हे वाचून मी निर्धास्त होतो. पण आडव्या वाऱ्यात बोट धक्क्याला लावताना पहिल्याच संध्याकाळी माझी भंबेरी उडाली.

याचा थोडा दोष कंपनीकडेही जातो. शिकवणीची वीस मिनिटे इंजिन आणि गॅसची शेगडी दाखवण्यातच गेली, आणि कोणता दोर आधी बांधायचा हे कोणीही सांगितले नाही. शिवाय शौचालयाची टाकी अर्धी भरलेलीच आमच्या हाती आली. २००९ पासून तिथे सहलीच्या बोटींना ते पाणी कालव्यात सोडण्यास बंदी असल्यामुळे टाकी उपसून घेण्याची सोय शोधण्यात आमची एक सकाळ गेली.

बोट स्वतः मात्र उत्तम होती: कुठे गळती नाही, सुकाणू हलके, आणि पुढचा भाग हवा तसा वळवणारा छोटा पंखा तर माझ्यासारख्या नवशिक्याचा खरा तारणहार.

स्नेकच्या १६१३ सालच्या जलदरवाजाला, म्हणजे पाण्यावरच्या जुन्या वेशीला, वळसा घालून आम्ही आयल्स्ट या गावाकडे निघालो. तिथे घर रस्त्याच्या एका बाजूला आणि त्या घराची बाग रस्ता ओलांडून पाण्याच्या काठाला, त्यामुळे चहा पिणाऱ्या माणसांच्या जवळजवळ अंगणातूनच, सायकलीपेक्षाही सावकाश, आपण पुढे सरकत असतो. पुलाचा लाल दिवा हिरव्याच्या जोडीने लागला की पूल उघडणार हे समजते. काही ठिकाणी पुलावरचा माणूस गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडतो आणि त्यात पुलाचा कर टाकायचा असतो. म्हणून युरोची सुटी नाणी हाताशी असावीत. दहा वाजेपर्यंत उजेड टिकत असल्याने मुक्कामाची घाई नव्हती. गावाबाहेर, गवताच्या काठाला, मारेक्रिटे या संस्थेच्या फुकटच्या धक्क्यांवर तीन दिवसांपर्यंत थांबता येते, आणि आमच्या सर्वांत शांत रात्री तिथेच गेल्या.

मालवाहू जहाजांच्या प्रिन्सेस मार्ग्रीट कालव्यावर मात्र उजव्या काठाला धरून राहावे लागते, आणि तिथे निवांतपणा उरत नाही. पुन्हा गेलो तर बोट हीच घेईन, फक्त ताब्यात घेण्यापूर्वी टाकी पाहीन आणि दोर बांधण्याचा सराव त्यांच्याच धक्क्यावर, त्यांच्याच माणसाला उभे करून करीन.