बॅरन बेट, डेव्हिल रे आणि नाशकातला टूरवाला

गंगापूर रोडवरच्या एका टूरवाल्याने आमच्या ग्रुपला अंदमानच्या नावाने पद्धतशीर गंडवलं. भारतातल्या एकमेव जागृत ज्वालामुखीला, बॅरन बेटाला, खेटून स्कूबा आणि अवतीभवती डेव्हिल रेंची, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेल्या मोठ्या चपट्या माशांची झुंड, असं पॅकेज. माणशी ६५,००० रुपये, अर्धे आगाऊ, तेही त्याच्या बायकोच्या यूपीआयवर. "दादा, फॉरेस्टवाल्यांना आजच नावं द्यायचीत, नंतर माझ्या हातात नाही."

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर डाइव्ह सेंटरवाल्याने वही उघडून दाखवली. आमच्या नावापुढे नेमो रीफची एकेक 'ट्राय डाइव्ह', म्हणजे नवख्यांसाठीची डाइव्ह, बस्स. बॅरन पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किमी आत समुद्रात. त्यासाठी मोठी बोट हवी, वनखात्याची परवानगी हवी, आणि पर्यटकांना बेटावर उतरूच देत नाहीत. हा पठ्ठ्या तर लाव्हावर उभं राहून फोटो काढायला सांगत होता! आमच्याकडच्या 'परमिट'वरचा शिक्काही बनावट निघाला.

ब्रोशरमधले फोटो बघून तिथला इन्स्ट्रक्टर हसलाच. ते अझोर्सचे होते, म्हणजे अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या ज्वालामुखी बेटांचे. तिथे उन्हाळ्यात डेव्हिल रे झुंडीने येतात. अंदमानात लोक आस लावून बसतात ती त्यांच्या भाऊबंदांची, मांटा रेची. मांटाचं तोंड अगदी पुढच्या टोकाला असतं, डेव्हिल रेचं थोडं खाली, पोटाकडे. आम्हाला कोण सांगणार हे? नाशकात बसून मासा बघायचा तो बाजारात.

पैशांपेक्षा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. एका हॉटेलच्या पूलमध्ये थोडं बुचकळून टूरवाल्याने '३० मीटरचं इंटरनॅशनल सर्टिफिकेट' हातात दिलं. खऱ्या ओपन वॉटर कोर्समध्ये, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्समध्ये, पूलनंतर खुल्या पाण्यात चार डाइव्ह कराव्या लागतात, आणि तरी मर्यादा १८ मीटरचीच. कार्डावरचा नंबर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साइटवर तपासता येतो. आमचा नंबर कुठेच नव्हता. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उड्या मारून पोहायला शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, पण टाकीतली हवा घेताना श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. वर कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान! अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबावं लागतं, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात.

आता त्याच गाळ्यावर हिमालय ट्रेकचा बोर्ड लागलाय, फोन नंबर तोच. कुणाचे पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. ग्राहक आयोगाकडे तक्रार नाशिकलाच करता येते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि ते खोटं परमिट रागाने फाडू नका. पोलिसांनी आमच्याकडे पहिल्यांदा तेच मागितलं.