नव्याच्या भावात जुना सॉफ्ट स्टार्टर: माझे १,८२,३०० रुपये असे गेले

गेल्या आठवड्यात शेजारच्या शेडवाल्यांना एक कोटेशन आलं. फर्मचं नाव वेगळं, पण खाली मोबाइल नंबर मला फसवणाऱ्याचाच. तो बघितला आणि लाज बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

कुपवाड एमआयडीसीत माझा पशुखाद्याचा छोटा कारखाना आहे. मका आणि पेंड दळायला हॅमर मिल, तिला ७५ एचपीची मोटर, नेमप्लेटवर ९७ अँपिअर. चौदा वर्षं स्टार-डेल्टावर, म्हणजे दोन टप्प्यांत चालू करणाऱ्या जुन्या स्टार्टरवर, चालवली. स्टारवरून डेल्टात जाताना असा दणका बसायचा की तीन-चार महिन्यांत मोटर आणि मिल जोडणाऱ्या कपलिंगचं रबर फाटायचं. म्हणून मोटर झटका न देता हळूहळू चालू करणारा सॉफ्ट स्टार्टर घ्यायचं ठरवलं. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. विकणारा माणूस चुकीचा निघाला.

तो ओळखीतून आला होता, म्हणून मी खोलात गेलो नाही. नावाजलेल्या कंपनीचा माल, डीलरकडे पडून राहिलेला नवा पीस, १३२ अँपिअर, हेवी ड्यूटी, असं सांगितलं. भाव १,१०,०००, वर १८ टक्क्यांनी जीएसटी १९,८००, म्हणजे १,२९,८०० रुपये आरटीजीएसने दिले. बसवण्याचे १८,५०० त्याने रोख मागितले, तेही दिले. दुसरीकडचे दोन भाव यापेक्षा तीस-पस्तीस हजारांनी जास्त होते. माझ्या जागी कोणीही हाच घेतला असता.

वीजबिल २० टक्क्यांनी उतरेल, हे वर. हे ऐकलं की माणसाला दारातूनच परत पाठवा. सॉफ्ट स्टार्टर फक्त चालू होताना व्होल्टेज हळूहळू चढवतो. मोटर वेगात आली की बायपास लागतो, म्हणजे करंट थेट लाइनने जातो, आणि स्टार्टर बाजूला होतो. मग बचत कुठून होणार? वेग कमी-जास्त करायचा असेल तर व्हीएफडी लागतो, ती वेगळी वस्तू.

‘स्टार्टिंग करंट दुपटीच्या वर जाऊच देणार नाही,’ असंही म्हणाला. इथेच मला थांबायला हवं होतं. थेट लाइनवर ही मोटर सहापट करंट घेते. तो दुपटीवर आणायचा तर व्होल्टेज एक तृतीयांश होणार, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे नवव्या हिश्शावर. एवढ्या टॉर्कवर हॅमर मिलचा जड रोटर वेग घेणार कसा? मी आयटीआय झालेला माणूस आहे. हे मला येतं. पण त्या दिवशी ४० टन खाद्याची ऑर्डर डोक्यात होती.

खोकं उघडलं तो क्षण तर रोज रात्री आठवतो. टर्मिनलच्या तांब्याच्या पट्टीवर आधीच्या लगचा (केबलच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या तुकड्याचा) गोल वळ उमटलेला होता. नव्या पीसवर लगचा वळ येईलच कसा? खालच्या फॅनच्या पात्यांना तेलकट काळी धूळ चिकटलेली होती. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं, आणि विचारलं. ‘गोडाऊनची धूळ आहे, साहेब.’ मी बोट फडक्याला पुसलं आणि गप्प बसलो.

पहिल्याच दिवशी स्टार्टर ट्रिप व्हायला लागला. त्याच्या फिटरने ओव्हरलोडची मर्यादा (जिच्यावर करंट गेला की मोटर आपोआप बंद होते) ९७ अँपिअरवरून १४० वर नेली आणि ‘आता चालेल’ म्हणाला. ओव्हरलोड नेमप्लेटच्या वर नेणारा फिटर दिसला की तिथेच मेन बंद करा. अकराव्या दिवशी सकाळी मोटर नुसती घोंघों करत राहिली, वेगच घेईना. माणूस बटणापर्यंत पोहोचेतो धूर आला. जळालेली मोटर परत गुंडाळून घ्यायचे, म्हणजे रिवाइंडिंगचे, ३४,००० गेले. नऊ दिवस मिल बंद राहिली, ते नुकसान यात धरलेलं नाही.

मोटर गुंडाळणाऱ्या वाइंडरने माझ्यासमोर स्टार्टरचा डबा उघडला. वरचं स्टिकर नखाने सोललं, खाली जुनं निघालं: ७२ अँपिअर. आत थायरिस्टरचे (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे) मॉड्यूल दोनच, तिसऱ्या फेजला सरळ तांब्याची पट्टी. असे दोन फेजवाले स्टार्टर हलक्या कामाला असतात, पण मला तीन फेजचा म्हणून विकला होता. शिवाय त्यात मोटर बंद असली तरी एक फेज जिवंत राहतो. माझी कामावरची पोरं तिथे हात घालतात! पैशांपेक्षा या गोष्टीचा संताप जास्त आहे.

पोलीस ठाण्यात चार हेलपाटे घातले. पहिल्यांदा ‘साहेब बंदोबस्तावर आहेत’. दुसऱ्यांदा ‘हे दिवाणी प्रकरण आहे, वकील गाठा’. जुन्यावर नवं स्टिकर चिकटवून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते मी कागदावर लिहून नेलं होतं. हवालदाराने कागद न वाचता परत दिला. ऑनलाइन फसवणूक नाही म्हणून सायबरवाले घेत नाहीत. ग्राहक आयोगाकडे गेलो तर व्यापारी कारणासाठी घेतलेला माल, तुम्ही ग्राहकच नाही. उपजीविकेपुरता स्वयंरोजगार असेल तर कायद्यात सूट आहे, पण माझ्याकडे नऊ कामगार. उद्योगांसाठीच्या सरकारी कार्यालयात मला एका पोर्टलवर पाठवलं. दोन संध्याकाळी घालवून फॉर्म भरत गेलो, तेव्हा कळलं की ते पोर्टल माल विकणाऱ्याच्या थकलेल्या पैशांसाठी आहे. विकत घेऊन बुडालेल्याने कुठे जायचं, हे त्या कार्यालयात एकालाही सांगता आलं नाही. कर भरताना मात्र आम्ही सगळ्यांच्या बरोबर लक्षात असतो.

आणि तो १९,८०० चा जीएसटी? बिलावरचा नंबर नंतर पोर्टलवर टाकला, नोंदणी आधीच रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम होतं. पैसे देण्याआधी करा. सीरियल नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून खात्री करून घ्या, फोटोवर भागवू नका. हॅमर मिल, क्रशर, मोठा ब्लोअर असेल तर क्लास ३० चा, म्हणजे जड भार वेगात येईपर्यंत जास्त वेळ तग धरणारा, स्टार्टर मागा आणि तासाला किती वेळा चालू करणार ते कोटेशनवर लिहून घ्या. पंपाचं क्लास १० वर भागतं. चालू करताना क्लॅम्प मीटर तिन्ही फेजना लावा, करंटमध्ये मोठा फरक दिसला तर उरलेले पैसे देऊ नका. कपॅसिटर स्टार्टर आणि मोटरच्या मध्ये कधीच नको, थायरिस्टर जातात. माझ्याकडे त्याने तोही तिथेच जोडला होता.

सध्या मिल परत स्टार-डेल्टावर आहे. तो डबा दोन्ही स्टिकरांसकट पोत्यात बांधून कपाटात ठेवलाय. पोलीस अधीक्षकांच्या नावाने अर्ज पोस्टाने पाठवलाय, त्याची पोच अजून आलेली नाही. कुपवाड-मिरज भागात कोणाला असा ‘पडून राहिलेला नवा पीस’ दाखवला गेला असेल तर मला सांगा, दोन अर्ज एकत्र गेले तर निदान कोणी वाचेल तरी.