ग्रेट डेन मागायला आलेला 'बागायतदार'

मोठ्या जातीच्या कुत्रीला घर हवंय असं कुठे टाकलं की त्याच दिवशी फोन सुरू होतात. लॅब, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर. जात जेवढी मोठी तेवढे फोन जास्त. गावठी पिल्लांसाठी आम्ही महिनोन्‌महिने लोकांच्या विनवण्या करतो, आणि इथे धुळ्यापासून ठाण्यापर्यंतची माणसं 'ताई, आजच गाडी घेऊन येतो' म्हणतात. अशाच एका फोनने आम्हाला कसं गंडवलं ते सविस्तर लिहितेय. नाशिकमध्ये आणि आजूबाजूला हे काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं, कारण तो माणूस अजून मोकळा आहे.

आम्ही म्हणजे काही संस्था नाही. म्हसरूळ, इंदिरानगर आणि गंगापूर रोडवरच्या चार-पाच जणी, पिंपळगावकडचे एक निवृत्त काका, आणि आमच्याकडून फक्त औषधाचे पैसे घेणारे एक डॉक्टर. जेवढं झेपतं तेवढं पदरमोड करून करतो.

गौरी आम्हाला गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सापडली. बाभळीला नायलॉनच्या दोरीने बांधलेली, पुढ्यात पाण्याची रिकामी बाटली. गौरी-विसर्जनाचा दुसरा दिवस होता, म्हणून आईने नाव गौरी ठेवलं. पिवळसर तपकिरी ग्रेट डेन, तोंड काळं, डावा कान टोकाला फाटलेला. या जातीची मादी चांगली पंचेचाळीस-पन्नास किलोची असते. ही काट्यावर भरली 31 किलो. कोपरांवर जाड घट्टे, म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर बसून आयुष्य काढलेलं. आचळं पार ओघळलेली. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, 'दोन-तीन वेतं तरी काढून घेतलीत हिच्याकडून. या खेपेला पिल्लं राहिली नसतील, म्हणून दिली सोडून.'

असं जनावर सोडून देणं गुन्हा आहे. पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आता दोन वडापाव येतात, त्यामुळे त्याविषयी जास्त बोलत नाही.

रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, एर्लिकिया. डॉक्सिसायक्लिनचा 28 दिवसांचा कोर्स. प्लेटलेट इतक्या खाली होत्या की नसबंदीचं ऑपरेशन डॉक्टरांनी साफ पुढे ढकललं. अशा अवस्थेत टेबलावर घेतलं तर रक्तस्राव थांबत नाही. 'आधी अंगात रक्त भरू दे, वजन वाढू दे, मग बघू.' आमच्या रो-हाउसमध्ये आधीच दोन कुत्री, आणि हिला दिवसाला लागणारं खाणं त्या दोघांच्या दुप्पट. तब्येत सावरत आली तशी आम्ही घर शोधायला लागलो.

तेव्हा या गृहस्थाचा फोन आला. अत्यंत गोड बोलणं. दिंडोरी रोडच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे, बागेत बंगला आहे, चारही बाजूंनी कंपाउंड आहे, आमची जुनी डेन म्हातारी होऊन गेली तेव्हापासून मुलगी जेवत नाही. सोबत जुन्या डेनचे फोटो. ही कुत्री जेमतेम सात ते दहा वर्षं जगतात, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. पोट फुगून जीव जातो म्हणून एकदम खायला न घालता थोडं थोडं विभागून घालावं लागतं, जेवणानंतर पळवायचं नाही, हेसुद्धा त्याने आपणहून सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, याला कळतं. कळतच होतं त्याला. तोच तर त्याचा धंदा होता.

घर पाहिल्याशिवाय आम्ही कुत्रं देत नाही, तसं सांगितलं. 'या ना ताई, कधीही या, फक्त आधी फोन करा म्हणजे चहा टाकतो.' आम्ही तिघी आणि काका गेलो. बाग खरी होती, बंगला खरा होता, व्हरांड्यात झोपाळा, बायको डोक्यावर पदर घेऊन, आठ-नऊ वर्षांची मुलगी. पाणी आणायला वहिनी आत गेल्या त्या आधी एका दारातून, मग लगेच परत येऊन दुसऱ्या दारातून. संध्याकाळ झाली होती. व्हरांड्यातला दिवा लावायला त्या माणसाने चार बटणं खालीवर केली, पंखा लागला, बाहेरचा बल्ब लागला, मग ट्यूब लागली. काकांनी सहज विचारलं, 'छाटणी कधी घेतलीत?' तर म्हणे, 'ते सगळं आमचा माणूस बघतो.' परत येताना काका गाडीत पुटपुटले, 'बागायतदार आहे आणि छाटणीची तारीख तोंडावर नाही?' द्राक्षवाल्याला पोराचा वाढदिवस एक वेळ आठवणार नाही, छाटणीची तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल. पुढे कळलं की बाग मुंबईत राहणाऱ्या एका कुटुंबाची, आणि राखणदार या माणसाच्या ओळखीचा. एका संध्याकाळपुरती किल्ली. मुलगी कुणाची होती ते अजून कळलेलं नाही.

गौरीला न्यायला आला तेव्हा त्याने तिचे दात पाहिले, पोटाखाली हात घालून आचळं चाचपली आणि विचारलं, 'शेवटचा माज कधी येऊन गेला?' कशासाठी विचारताय म्हटलं, तर लगेच उत्तर, 'ऑपरेशनच्या डॉक्टरांना सांगावं लागेल ना ताई.' उत्तर बरोबर होतं. करारनाम्यावर त्याने सही केली: पिल्लं काढणार नाही, दुसऱ्याला देणार नाही, तब्येत सुधारताच नसबंदी करीन, नाही जमलं तर कुत्री परत करीन. आधारची झेरॉक्स दिली, पत्ता जुन्या गावचा.

पुढचे काही आठवडे फोटो यायचे. मग एक दिवस फोन: डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलीय, पण यंदा अवकाळीने बागेचं नुकसान झालंय, हात तंग आहे. आम्ही वर्गणी काढून 9,000 रुपये यूपीआयने पाठवले. दोन दिवसांनी गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातलेल्या कुत्रीच्या टाके घातलेल्या पोटाचा फोटो आला, चेहरा न दिसणारा, आणि सोबत एका दवाखान्याचं बिल. त्यानंतर फोटो विरळ झाले. 'बागेत रेंज नाही', 'द्राक्षं काढणीचे दिवस आहेत ताई', 'मुलीची परीक्षा'. ताकास तूर लागू देईना.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला आमच्यातल्या एकीच्या भाच्याने फोनवर एक जाहिरात दाखवली. ग्रेट डेनची पिल्लं, आईबाप समक्ष पाहायला मिळतील, एकाचे 25,000, कमी-जास्त होईल. फोटोत गोणपाटावर आडवी पडलेली आई, पोटाला पिल्लं लुचताहेत, आणि डावा कान टोकाला फाटलेला. आईने फोन हातात घेतला आणि म्हणाली, 'ही आपली गौरी.'

हिशेब सरळ होता. कुत्री साधारण 63 दिवसांत विते. म्हणजे ज्या सुमारास आम्ही ऑपरेशनचे पैसे पाठवले त्याच सुमारास तिला नराला दाखवलं गेलं होतं. ते बिल घेऊन आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वरची रक्कम पाहिलीच नाही, वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं: 22 किलो. 'भूल वजनावर देतात. 22 किलोची डेन म्हणजे पिल्लू झालं. हे बिल दुसऱ्याच कुत्रीचं आहे, नाव खोडून बदललंय.' दवाखान्यात फोन केला, तर त्या नंबरचं बिल एका पामेरियन मिक्सच्या मालकाला दिलेलं.

या धंद्याचं गणित माहीत असलेलं बरं. 2016 मध्ये केंद्राने पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर निर्बंध घातले, तेव्हापासून इथल्या इथे असलेल्या जातिवंत मादीला भाव आहे. विकत घ्यायची तर मोठी रक्कम मोजा. दत्तक मागितली तर फुकट, वर लसी टोचलेली, औषधपाणी झालेली. डेनला एका वेळी आठ-आठ पिल्लं होतात. 2017 च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आमच्या माहितीप्रमाणे यातली चार पिल्लं पाचव्या आठवड्यातच गेली होती. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) जातिवंत असल्याचे कागद त्याला नकोच होते. स्वस्तात डेन घेणारं गिऱ्हाईक कागद मागत नाही.

पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न, 'कुत्री तुम्हीच दिलीत ना राजीखुशीने? मग चोरी कशी?' प्रश्न चुकीचा नव्हता. कायद्याच्या लेखी कुत्रं ही वस्तू आहे, आणि वस्तू आम्ही स्वतः हातात दिली होती. उपयोगी पडले ते 9,000 रुपये. खोटं बिल दाखवून पैसे घेतले म्हटल्यावर भारतीय न्याय संहितेचं 318 कलम, म्हणजे फसवणूक, लागू शकतं. जुन्या 420 च्या जागी आता हे आहे. यूपीआयचा पुरावा, बिल, करारनामा आणि सापडल्या दिवशीचे कानाचे फोटो जोडून तक्रार अर्ज दिला. गौरीला पैशांची जोड नसती तर अर्ज कुणी हातातही धरला नसता, असं माझं मत झालंय.

पोलिसांचा एक फोन गेला आणि त्या माणसाने आम्हाला फोन केला. आवाज अजूनही तसाच गोड. 'अहो ताई, एवढं कशाला ताणायचं? घेऊन जा की कुत्री. आता तिचं इथे तसं काही काम नाही.' हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. सिन्नरच्या पुढे हायवेवरच्या एका ढाब्यामागे तिला बांधून ठेवलं होतं, तो स्वतः आलाच नाही. एक आचळ सुजून लाल, त्यातून पू येत होता. वजन आम्हाला सापडली तेव्हापेक्षाही कमी. पिल्लं एकही नाही.

आता आमची पद्धत बदललीय. मादी असेल तर ऑपरेशन आमच्याच डॉक्टरांकडे, आमच्या डोळ्यांदेखत, आणि त्याशिवाय कुत्री दाराबाहेर जात नाही. महिनाभर जास्त सांभाळावी लागली तरी चालेल. पैदास करणाऱ्याला गाळणारी याहून चांगली चाळणी नाही. 'ऑपरेशन झालंय' एवढं सांगितलं की निम्मे फोन तिथल्या तिथे बंद होतात, हे तुम्हीही करून पाहा. मायक्रोचिप टोचून घेतो. त्यातला 15 आकडी नंबर कुणाच्या नावावर नोंदवला ते कागदावर हवं, नुसती चिप टोचून भागत नाही, आणि ती चिप कुत्रं कुठे आहे ते सांगत नाही, फक्त कुणाचं आहे ते सांगते. घर बघायला जाताना आता आधी फोन करून जात नाही. शेत-बाग सांगितली तर गट नंबर विचारतो. महाभूलेखवर सातबारा घरबसल्या दिसतो, नाव जुळतं का ते दोन मिनिटांत कळतं. शहरातला असेल तर लाइट बिल. शेजाऱ्याशी बोलतो, आणि आधीचं कुत्रं होतं म्हणणाऱ्याला त्याच्या डॉक्टरांचं नाव विचारतो. आठ वर्षं डेन पाळलेल्या माणसाला डॉक्टर नसतो असं होत नाही. खरं घर या चौकशीने दुखावत नाही. उलट गौरी परत आल्यावर तिला ज्यांनी नेलं त्या देवळाली कॅम्पातल्या निवृत्त सुभेदारांनी विचारायच्या आधीच फाइल पुढे ठेवली होती.

ऑपरेशनसाठी पैसे मागितले तर ते त्या व्यक्तीला नाही, थेट दवाखान्यात भरा. आणि पैसे गेलेच असतील तर दुसरं काही करायच्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच ती अडवली जाण्याची शक्यता असते. आम्ही काही महिन्यांनी कळवलं. आमचे 9,000 परत आलेले नाहीत. अर्ज अजून चौकशीत आहे.

गेल्या आठवड्यात जळगावच्या एका मुलीने आमच्याशी संपर्क केला. तिच्याकडे रस्त्यावर सोडलेली सेंट बर्नार्डची मादी आहे, आणि एक गृहस्थ ती न्यायला तयार आहेत. ऑपरेशन ते स्वतःच करून घेणार आहेत. रेकॉर्डिंग ऐकवलं तर आवाज तोच. मुलगी जेवत नाही, कंपाउंड आहे, आधी फोन करून या. या वेळी बाग केळीची आहे.