गिरगावच्या वाचनालयासाठी कंपायलर निवडताना

गिरगावातील एका लहान वाचनालयाचा देवघेवीचा प्रोग्राम नव्याने लिहिण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. जुना प्रोग्राम 1998 च्या व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये केलेला होता. त्यातील कंट्रोल्सना (खिडकीतील बटणे, चौकटी यांना) युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, येत नसल्यामुळे पुस्तकांची नावे एका विशिष्ट फाँटच्या आधाराने साठवलेली होती, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळी यादी चिन्हांचा गोंधळ होऊन बसे. काउंटरवरचे दोन्ही संगणक 32 बिट विंडोज 7 चे, 2 जीबी मेमरीचे. ते बदलण्याइतकी वर्गणी जमत नाही, हे ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकले. तेव्हा या दोन यंत्रांवर काय चालेल आणि माझ्यानंतर त्याची दुरुस्ती कोण करील, एवढेच पाहून मी प्रोग्राम लिहिण्याची साधने आणि त्यांचे कंपायलर (लिहिलेल्या कोडपासून चालणारी फाइल बनवणारे प्रोग्राम) तपासले.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्या प्रोग्रामरला मोफत मिळते आणि तिच्या डीबगरला (कोडमधील चुका शोधणाऱ्या साधनाला) तोड नाही. मात्र सी++ च्या डेस्कटॉप साधनांसह ती डिस्कवर कित्येक जीबी जागा घेते. तिच्यातील विंडोज फॉर्म्स या खिडक्या बनवण्याच्या साधनाने काम झाले असते. पण ते ज्यावर चालते त्या डॉटनेटच्या अलीकडच्या आवृत्त्या विंडोज 7 वर चालत नाहीत, आणि जुने फ्रेमवर्क 4.8 घ्यायचे तर ते दोन्ही यंत्रांवर आधी बसवावे लागते. डब्ल्यूएक्सविजेट्स ही खिडक्या बनवण्याची सी++ लायब्ररी (तयार कोडचा संच) 1992 पासून चालत आलेली, भरवशाची आहे. पण खिडक्या रेखाटण्यासाठी वेगळे साधन शोधावे लागते, म्हणून ती मी लवकर बाजूला ठेवली.

क्यूटी या तशाच सी++ संचावर मात्र मी रेंगाळलो. त्यातील देवनागरीची जोडाक्षरे निर्दोष उमटतात, खिडक्यांची मांडणी मजकुराच्या लांबीप्रमाणे आपोआप सावरते, आणि दस्तऐवजीकरण इतके नेटके आहे की ते वाचूनच सी++ सुधारते. अडचण अशी की क्यूटी 6 ला किमान विंडोज 10 लागते, म्हणजे मला 5.15 वरच थांबावे लागले असते. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेली सी++ लायब्ररी मिनजीडब्ल्यू या मोफत कंपायलरच्या प्रोग्रामला जोडता येत नाही, कारण दोघांची फंक्शनांना अंतर्गत नावे देण्याची पद्धतच निराळी आहे. हे ठाऊक असूनही छपाईच्या एका लायब्ररीपायी मी दोन संध्याकाळी लिंकरने (प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनाने) दाखवलेल्या चुका वाचत घालवल्या. क्यूटीच्या एलजीपीएल या मुक्त परवान्यात राहण्यासाठी तिच्या डीएलएल फायली (प्रोग्रामपासून वेगळ्या ठेवलेल्या लायब्ररी) सोबत देणे हा सोपा मार्ग आहे आणि विनडिप्लॉयक्यूटी हे साधन त्या गोळाही करते. पण देवघेवीच्या चार खिडक्यांसाठी एवढा लवाजमा मला जड वाटला.

शेवटी लॅझरस घेतले. 1999 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प पास्कल भाषेच्या फ्री पास्कल कंपायलरवर उभा आहे, आणि 1995 च्या डेल्फी या पास्कलच्याच साधनावर हात बसलेल्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो. फॉर्मवर बटण ठेवावे, त्यावर दोनदा क्लिक करून कोड लिहावा आणि एफ9 दाबावे, की प्रोग्राम क्षणभरात उभा राहतो. तयार होते ती एकच ईएक्सई फाइल. डीबगची माहिती पोटात असल्याने ती सुरुवातीला बरीच फुगलेली दिसते, पण ती माहिती काढून टाकली की काही एमबींवर येते. प्रोग्राम विंडोजचेच कंट्रोल वापरत असल्याने जुन्या यंत्रांवरही चपळ चालतो.

देवनागरीच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. लॅझरसमधील मजकूर यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागणाऱ्या पद्धतीत असतो, त्यामुळे ‘मुंबई’ या शब्दाची लांबी बाइट मोजणारे लेंग्थ हे फंक्शन 15 सांगते, मात्रा-अनुस्वार वेगळे मोजणारे यूटीएफ8लेंग्थ 5 सांगते, आणि डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. पुस्तकाचे नाव रकान्यात मावेल इतके छाटताना मी पहिले फंक्शन वापरले आणि यादीत शेवटच्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली. दुसरी चूकही माझीच: 32 बिटच्या प्रोग्रामशेजारी एसक्यूलाइट या डेटाबेसची 64 बिटची डीएलएल ठेवली आणि अर्धा दिवस डेटाबेसच उघडेना. ‘ळ’ची नावे ‘ह’नंतर यायला हवीत, ती ‘ल’च्या पाठोपाठ येतात हा दोष कंपायलरचा नव्हे, युनिकोडच्या क्रमाचा आहे. त्यासाठी तुलनेचे फंक्शन स्वतः लिहून एसक्यूलाइटला जोडावे लागले.

लॅझरसची मोठी उणीव माणसांची आहे. मुंबईतल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले सी++, जावा, पायथन शिकून येतात. पास्कल त्यांनी पाहिलेलीही नसते, आणि लॅझरसची माहिती विकीच्या पानांत विखुरलेली आहे. नकाशे, आलेख किंवा दृश्यांची रेलचेल असलेला प्रोग्राम करायचा असता, तर मी क्यूटीचा भार निमूटपणे उचलला असता. वाचनालयासाठी मात्र सगळा सोर्स आणि तो बांधला त्याच आवृत्तीचा लॅझरसचा इन्स्टॉलर एका पेन ड्राइव्हवर भरून बाईंच्या कपाटात ठेवला आहे, आणि ‘मुंबई’ची लांबी 15 का येते हे सोबतच्या कागदावर मराठीत लिहून दिले आहे.