पडद्याची सूज : दरमहा इंजेक्शन की स्टिरॉइडची कांडी?

मधुमेहाने किंवा शीर बंद पडल्याने डोळ्याचा पडदा सुजला, की नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यात बहुधा दोन पर्याय पुढे येतात. एक, व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या गळवणारं नि नव्या फुटवणारं प्रथिन) रोखणारं डोळ्यातलं इंजेक्शन. दुसरा, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची ०.७ मिलिग्रॅमची, डोळ्यात सोडायची विरघळणारी कांडी. सूज दोन्हींनी उतरते. फरक कळतो तो पुन्हा पुन्हा द्यायची वेळ आली की.

इंजेक्शन सुरुवातीला महिन्याला एक. मधुमेही सुजेत पहिल्या वर्षी आठ-दहा सहज होतात. त्यांत बेव्हॅसिझुमॅब सगळ्यात स्वस्त, पण मुळात कॅन्सरचं औषध. मोठ्या कुपीतून वाटून भरतात. त्या वाटणीत जंतू शिरले तर एकाच दिवशी अनेक डोळे जातात, तेव्हा कुठे नि कसं भरलं हे बेधडक विचारा. मधुमेही सुजेत नजर (तक्त्यावरच्या मापाने) ६/१२ किंवा बरी असेल तर पहिल्या वर्षी ते महागड्या इंजेक्शनांच्या बरोबरीने चालतं. ६/१५ वा त्याखाली असेल तर त्या महागड्यांतलं अफ्लिबरसेप्ट सरस.

कांडी तीन-चार महिने पुरते. गडचिरोलीहून सोबतीला माणूस घेऊन येणाऱ्याच्या खेपा वाचतात, आणि नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर डॉक्टर बहुधा हिच्याकडेच वळतात. पण दीड-दोन महिन्यांनी डोळ्याचं प्रेशर चढू शकतं, आणि स्वतःचं (ऑपरेशन न झालेलं) भिंग असेल तर वारंवार दिल्यावर मोतीबिंदू पिकतो. काचबिंदू बळावलेला असेल तर कांडी नकोच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगामागची पिशवी फाटली असेल तर कांडी पुढे सरकून बुबुळ खराब करते. त्या ऑपरेशनचा जुना कागद सोबत न्या.

जंतुसंसर्ग काही हजारांत एखाद्यालाच होतो, पण हिशेब दर सुईमागे धरायचा. बचाव ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचा. नुसत्या अँटिबायोटिक थेंबांनी तो होत नाही. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, नजर घसरली, तर सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा.

कधी ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) पडदा कोरडा दिसतो, नजर मात्र तिथेच. दोष बहुतेकदा सुयांना दिला जातो. खरं तर पडद्याच्या मध्यबिंदूच्या केशवाहिन्याच (बारीक रक्तवाहिन्या) बंद झालेल्या असतात, आणि त्या कुठल्याच औषधाने उघडत नाहीत. असं असेल तर पुढच्या सुया थांबवायच्या का, हे स्पष्ट विचारा.

पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील आणि रोवणीच्या दिवसांत येणं जमणार नसेल, तर नुसत्या इंजेक्शनवर विसंबू नका. औषध ओसरलं की त्या परत वाढतात, रक्तस्राव होतो, पडदा ओढून सुटतो. अशा रुग्णाने आधी लेझरचं बोलून घ्यावं.